ड्यूसेनबर्गच्या गावाला: इंडियानातले चार दिवस

बाबांचं गॅरेज इंदूरला छावणीत होतं. दोन गाड्या कशाबशा उभ्या राहतील एवढी जागा, ऑईलने काळी पडलेली फरशी आणि दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली ग्रीस गन. शाळेतून आले की मी दप्तर तिथेच टाकायची. बाबांनी ज्यांच्या हाताखाली काम शिकलं, त्या उस्तादांचं येणंजाणं असे. तरुणपणी त्यांनी होळकर महाराजांची एक गाडी जवळून पाहिली होती, असं ते सांगत. केशरी आणि काळी, लांबच लांब, आणि बसायला जागा फक्त दोघांना. नाव ड्यूसेनबर्ग. हे सांगून झालं की त्यांचं पुढचं वाक्य ठरलेलं असे: "त्या गाडीला ग्रीस मारावं लागत नाही. ती आपली आपण मारून घेते."

गॅरेजातल्या पोऱ्याचं पहिलं काम म्हणजे गाडीखाली झोपून एकेका निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, ग्रीस मारणं. त्यामुळे हे वाक्य ऐकलं की तिथली सगळी मुलं गप्प व्हायची. बाबांनी यावर बराच विचार केला होता. पंप असेल, पण तो चालवणार कोण, आणि किती वेळाने? उत्तर त्यांना मिळालं नाही. बाबा गेले त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

माझा भाचा नोकरीसाठी इंडियानापोलिसला राहतो. "मावशी, गणपतीला ये," असा त्याचा तीन वर्षांचा आग्रह होता. या वर्षी जायचं ठरवलं आणि नकाशा उघडला, तेव्हा लक्षात आलं की ड्यूसेनबर्ग बनायची ती त्याच शहरात. शिवाय तिथून सव्वादोन तासांवर ऑबर्न नावाचं गाव आहे, आणि तिथे दर वर्षी लेबर डेच्या सुट्टीला या गाड्यांचा मेळा भरतो. लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार. या खेपेला गणपती आणि मेळा एकाच आठवड्यात आले होते. मग दुसरा विचार केलाच नाही.

पहिला दिवस: इंडियानापोलिस

आदल्या दिवशी गणपती बसले होते. भाच्याकडे दीड दिवसाचा असतो, म्हणून संध्याकाळपर्यंत घरी परतायचं होतं. सकाळी इंदुरी पोहे झाले, वर मी नेलेली शेव आणि जीरावन. आरती करून निघालो.

आधी स्पीडवेला गेलो. अडीच मैलांचा हा अंडाकृती ट्रॅक १९०९ सालचा. त्याच वर्षाच्या शेवटी तो सगळा विटांचा केला. आता डांबर आहे, फक्त शर्यतीच्या रेषेवर तीन फूट रुंदीचा विटांचा पट्टा ठेवला आहे. लोक गुडघे टेकून त्या विटांचं चुंबन घेतात. मी उंबरठ्याला लावतात तसा हात लावला. विटा उन्हाने तापलेल्या होत्या, आणि वाटल्या होत्या त्यापेक्षा खरबरीत.

ट्रॅकच्या आत संग्रहालय आहे, नूतनीकरणानंतर पुन्हा उघडलेलं. तिथे उभं राहिलं की ड्यूसेनबर्ग भाऊ कोण होते ते नीट कळतं. फ्रेड आणि ऑगी जन्मले जर्मनीत. वडील गेल्यावर आईने मुलांना घेऊन अमेरिकेत आयोवा गाठलं. फ्रेडने सायकली बांधल्या, त्यांवर स्वतः शर्यती मारल्या आणि पुढे गाड्यांकडे वळला. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात दोघांपैकी कोणीही गेलं नाही. जे शिकले ते हाताने, इंजिन खोलून आणि परत बांधून. पुढे जगातली सर्वांत महाग गाड्यांपैकी एक त्यांच्या नावाने निघाली. पण माझ्यासाठी ते दोघं आधी मिस्त्री आहेत, बाकी सगळं नंतर.

१९२१ साली फ्रान्समध्ये ल माँ इथे ग्रां प्री ही मोठी मोटारशर्यत झाली. जिमी मर्फी ड्यूसेनबर्ग चालवत होता. सरावात गाडी उलटून त्याच्या बरगड्यांना मार बसला होता, छातीला पट्ट्या आवळूनच तो शर्यतीला बसला. रस्ता उखडत गेला आणि दगड उडायला लागले. शेवटी रेडिएटरला भोक पडलेलं आणि एक टायर गेलेला, अशा गाडीतून त्याने शर्यत जिंकली. युरोपातली ग्रां प्री अमेरिकन गाडीने जिंकण्याची ती पहिली वेळ होती. पुन्हा तसं घडायला १९६७ साल उजाडलं. त्या विजयात ब्रेकचा वाटा मोठा होता. चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, ब्रेक होते, त्यामुळे मर्फी वळणाच्या अगदी तोंडाशी जाऊन वेग कमी करू शकत होता. बाकीच्यांना आधीपासून हात आखडता घ्यावा लागे.

हेच ब्रेक त्यांनी रस्त्यावरच्या गाडीला दिले. मॉडेल ए या गाडीला १९२१ साली चार चाकांचे हायड्रॉलिक ब्रेक आणि ओळीत आठ सिलिंडर होते. तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्यांच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ साली जिंकली. १९२४ची विजेती सुपरचार्जरवाली, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप असलेली होती. १९२५ साली पीटर डीपाओलोने ताशी १०१ मैलांची सरासरी गाठली. ५०० मैल शंभराच्या वरच्या सरासरीने कोणी पुरे करण्याची ती पहिलीच वेळ.

शर्यती जिंकून धंदा चालत नाही, हे मात्र त्यांच्या नशिबी आलं. मॉडेल ए इतकी विचारपूर्वक बांधलेली गाडी, पण ती विकायची कशी हे दोघांनाही जमलं नाही. १९२४ साली कंपनी कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात गेली.

दुपारी वेस्ट वॉशिंग्टन स्ट्रीटला गेलो. हार्डिंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ड्यूसेनबर्गचा कारखाना होता, आता त्या जागेवर शहराच्या बससेवेचा डेपो आहे. आत जायची सोय नाही. फुटपाथवरून बघत उभे राहिलो. एक बस धुतली जात होती, दुसरी हॉर्न देत बाहेर पडली. भाच्याला वाटलं, माझा हिरमोड झाला असेल. उलट बरं वाटलं. त्या जागेवर अजून चाकांचंच काम चाललंय.

संध्याकाळी विसर्जन. बादलीत पाणी, शाडूची मूर्ती, पंधरा-वीस माणसं, आणि शेजारची एक अमेरिकन आजी कुतूहलाने कुंपणाजवळ येऊन उभी राहिलेली. तिच्या हातावर मोदक ठेवला.

जाणाऱ्यांसाठी: स्पीडवेवर बसमधून ट्रॅकची फेरी असते, पण ट्रॅकवर दुसरं काही चालू असेल तेव्हा ती बंद ठेवतात. आधी चौकशी करा. संग्रहालयाला निदान तीन तास द्या.

दुसरा दिवस: ऑबर्न

हायवे ६९ने सरळ उत्तरेला. टोल नाही. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. मका माणसापेक्षा उंच झालेला, शेंड्यांना पिवळट रंग चढायला लागलेला. सोयाबीन बघून माळव्याची आठवण न येती तरच नवल. ऑगस्ट असूनही सकाळी अंगात स्वेटर लागला.

अर्ध्या वाटेवर हॉटेलकडून निरोप आला: बुकिंग रद्द. का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मेळ्याच्या दिवसांत ऑबर्नमध्ये खोली मिळणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात जागा शोधण्यासारखंच. गाडी बाजूला घेऊन तासभर फोन केले, आणि शेवटी अर्ध्या तासावरच्या फोर्ट वेनमध्ये दुप्पट भाड्याने खोली मिळाली. (तुम्ही सहा महिने आधी बुकिंग करा आणि आठवडाभर आधी फोन करून खात्री करून घ्या. पहिल्यापासून फोर्ट वेनमध्येच उतरलात तरी काही बिघडत नाही.)

ऑबर्न लहानसं गाव आहे, तेरा-चौदा हजार वस्तीचं. मधोमध कोर्टाची देखणी इमारत, तिच्या चारी बाजूंना दुकानं, आणि दक्षिणेला साउथ वेन स्ट्रीटवर ऑबर्न ऑटोमोबाइल कंपनीची १९३० सालची कचेरी. तिथेच आता ऑबर्न कॉर्ड ड्यूसेनबर्ग संग्रहालय आहे. खाली शोरूम, वर कचेऱ्या. गाड्या १२०हून जास्त आहेत. पण मी आत पाऊल टाकल्याबरोबर खाली बघितलं. शोरूमची फरशी टेराझोची आहे, त्यात रंगीत भौमितिक नक्षी, आणि ती अशी घासलेली की छताच्या दिव्यांची अख्खी रांग तिच्यात उतरते. ज्या जमिनीवर गिऱ्हाईक विकत घ्यायची गाडी बघायला यायचं, त्याच जमिनीवर तीच गाडी आज उभी आहे. दुसरीकडे आणून मांडलेल्या संग्रहाला ही गोष्ट साधत नाही.

वरच्या मजल्यावर एरेट लोबन कॉर्डची खोली आहे. ड्यूसेनबर्गच्या गोष्टीतला विकणारा माणूस तो हाच. शिकागोत गाड्या विकून नाव काढल्यावर १९२४ साली, जेमतेम तिशीत, तो ऑबर्न कंपनीत आला. आवारात न खपलेल्या शेकडो गाड्या पडून होत्या. त्याने त्यांना झगझगीत रंग दिले, इकडेतिकडे निकेलची चकाकी चढवली आणि सगळ्या विकून टाकल्या. दोन वर्षांनी, १९२६ साली, त्याने ड्यूसेनबर्ग कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला सांगितलं की जगातली सर्वांत चांगली गाडी बांध, खर्चाचं मी बघतो.

कॉर्डबद्दल माझं मत थोडं दुभंगलेलं आहे. त्याने कंपन्यांवर कंपन्या घेतल्या, शेअरचे खेळ केले, आणि १९३७ साली सगळं विकून अंग काढून घेतलं. ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग तिन्ही त्याबरोबर बुडाल्या. या गावातल्या किती घरांत त्या वर्षी चूल थंड राहिली असेल! पण तो नसता तर फ्रेडची ती सर्वांत चांगली गाडी, म्हणजे मॉडेल जे, झालीच नसती. फ्रेडला पैसा उभा करता येत नव्हता, आणि कॉर्डला इंजिन बांधता येत नव्हतं.

मॉडेल जे १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. आठ सिलिंडर, ६.९ लिटर, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, वर ते उघडणारे दोन कॅमशाफ्ट. कंपनी २६५ हॉर्सपॉवर सांगायची, म्हणजे अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीच्या दुपटीहून जास्त. वेग ताशी ११५ मैलांच्या पुढे. कंपनी विकायची ती फक्त चासी, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, आणि इंजिन, साडेआठ हजार डॉलरला. बॉडी गिऱ्हाईकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. त्या दिवसांत फोर्डची नवी गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळे.

आणि अकरा महिन्यांत शेअरबाजार कोसळला. पाचशे गाड्यांचा बेत होता. त्या खपायला आठेक वर्षं लागली, आणि शेवटी ४८०च्या आसपासच बनल्या. १९३२ साली सुपरचार्जर लावून ३२० हॉर्सपॉवरची एसजे काढली, तीही जवळपास ३६च निघाली. सिनेनट गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल यांच्यासाठी आखूड चासीवर दोनच बांधल्या. त्यांतली कूपरची २०१८ साली लिलावात दोन कोटी वीस लाख डॉलरला गेली.

वरच्या मजल्यावरच गॉर्डन ब्युरिगचा डिझाइन स्टुडिओ पुन्हा मांडून ठेवला आहे. कॉर्ड ८१० ही गाडी त्याची, आणि ड्यूसेनबर्गच्या कितीतरी बॉडींचं रेखाटनही. उत्तरेकडच्या उजेडात उभे केलेले मातीचे नमुने, कोरणी, आणि टेबलाच्या कडेला अंगठ्याने गुळगुळीत केलेली माती. तिथून हलवेना.

संध्याकाळी भाच्याने इंडियानाची खासियत म्हणून पोर्क टेंडरलॉइन सँडविच मागवलं. पावाच्या चौपट मोठा तळलेला तुकडा ताटाबाहेर लोंबत होता. मी शाकाहारी, मला भाजलेलं मक्याचं कणीस मिळालं, लोणी लावलेलं. आणि मग आला शुगर क्रीम पाय. साय, साखर, वर जायफळ. पहिल्या घासाला मी भाच्याकडे बघितलं आणि तो म्हणाला, "बासुंदी ना?" अगदी तीच चव, फक्त वडी पडेल इतकी आटवलेली, आणि खाली पातळ खुसखुशीत पारी. दुसरा तुकडा बांधून घेतला.

तिसरा दिवस: मेळा

सकाळी मुद्दाम आडवाटेने गेलो. फोर्ट वेनच्या ईशान्येला ग्रेबिलकडे आमिश लोकांची वस्ती आहे. मोटार, घरातली वीज यांपासून ते लांब राहतात. काळ्या बग्ग्या रस्त्याच्या कडेने टापटाप चाललेल्या, दुकानासमोर घोडे बांधायचे दांडे. एका घरापुढे टोमॅटो आणि कणसं मांडलेली होती, माणूस नाही, फक्त पैसे टाकायचा डबा. पाच डॉलर टाकून टोमॅटो घेतले. (त्यांचे फोटो काढू नयेत, त्यांना ते आवडत नाही. चढावर वेग कमी ठेवा, पलीकडे बग्गी असू शकते.)

दुपारी ऑबर्नला मिरवणूक. १९५६ सालापासून या तीन गाड्यांचे मालक दर वर्षी इथे जमतात. लोकांनी फुटपाथवर घडीच्या खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. आपल्याकडे पालखीच्या वाटेवर सतरंज्या टाकतात तशा. गाड्या आल्या त्या पहिल्यांदा कानाला आल्या. ड्यूसेनबर्गचा आवाज मोठा नाही, भरदार आहे, खाली कुठेतरी तबल्याचा बायाँ घुमावा तसा. गावातले लोक नावाचा उच्चार "डूझनबर्ग" असा करतात. एखादी गोष्ट फार भारी असली की अमेरिकन माणूस "डूझी" म्हणतो. तो शब्द या गाडीवरून आला असं पुष्कळांनी मला सांगितलं, पण तो गाडीच्या आधीपासूनचा आहे.

मिरवणूक संपली की सगळ्या गाड्या कोर्टाभोवती उभ्या राहतात आणि आपण त्यांच्यामधून हिंडू शकतो. तिथेच ते आजोबा भेटले. हिरव्या जे गाडीशेजारी स्टूल टाकून बसले होते, गुडघ्यावर पुसायचं फडकं. गाडी त्यांची नव्हती. मालक दुसरे, हे तिला सांभाळणारे, ओहायोतून आलेले. आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलेलं. कुठून आलात, असं त्यांनी विचारलं. मी इंदूर म्हणाले, आणि आता नेहमीप्रमाणे दिल्लीपासून किती लांब ते सांगावं लागणार, या तयारीत राहिले.

ते स्टुलावरून उठले. "होळकर," म्हणाले. "एसजे. बॉडी गर्नी नटिंग, लंडन. केशरी आणि काळी."

मला बोलता येईना. आठ हजार मैलांवर, मक्याच्या शेतांमधल्या एका गावात, एक अनोळखी म्हातारा माणूस माझ्या उस्तादांचं वाक्य पुरं करत होता. यशवंतराव होळकरांनी १९३५ सालची ती गाडी सर्वांत लांब चासीवर, पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे १५३ इंच अंतर असलेल्या चासीवर, बांधून घेतली होती. एवढ्या लांबीत सात माणसं बसवतात, यांनी दोघं बसवली. ज्या राजाने माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुकाराकडून अगदी आधुनिक पद्धतीचा बांधून घेतला, त्याचीच ही आवड. आजोबांनी त्या गाडीचा प्रत्येक तपशील वाचलेला होता. महाराज मराठी बोलत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मी सांगितलं, आणि त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

मग मी त्यांना उस्तादांचं वाक्य सांगितलं. गाडी आपली आपण ग्रीस मारून घेते.

ते हसले नाहीत. "बरोबर सांगितलं त्यांनी," म्हणाले आणि बॉनेटचा पंख उचलला. इंजिन पोपटी हिरव्या इनॅमलमध्ये, कॅमशाफ्टवरची झाकणं ॲल्युमिनियमची, आरशासारखी. त्यांनी एकेक गोष्ट बोट लावून दाखवली, बोट मात्र धातूपासून अर्धा इंच लांब. इंजिनच्या फिरण्यावरून दात्यांची एक छोटी पेटी चालते, घड्याळासारखी. दर ७५-८० मैलांनी ती पंपाला धक्का देते, आणि पंप काडीएवढ्या नळ्यांमधून चासीच्या सांध्यासांध्यांत तेल सोडतो. ते चाललेलं असताना डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. तीच पेटी ७०० मैल झाले की इंजिन ऑईल बदलायचा दिवा लावते, आणि १४०० मैलांनी बॅटरीचं पाणी बघायचा. १९२८ साली!

म्हणजे ग्रीस नव्हे, पातळ तेल. आणि चालवणारं दुसरं कोणी नाही, इंजिनच. बाबांचे दोन्ही प्रश्न तिथे उभ्याउभ्या सुटले. मी फेंडरच्या आत वाकून बघितलं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलपाशी, म्हणजे जोडकडीपाशी, तांब्याची एक नळी वळून येत होती, आणि तिच्या टोकाशी तेलाचा एक ताजा थेंब.

आजोबा आता रंगात आले होते. क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, थरथर मारायला त्याच्यावर पारा भरलेल्या दोन कुप्या बसवल्या आहेत. पारा आत हलतो आणि कंप खाऊन टाकतो. बॉनेटमधून बाहेर आलेले चकचकीत पाइप बघून लोक सुपरचार्जर आहे असं समजतात, पण ते पाइप पुष्कळांनी नंतर हौसेने लावून घेतले. डॅशवर एक खटका असतो, त्याने ब्रेकची मदत कमी-जास्त करता येते: कोरडा रस्ता, पाऊस, हिमवर्षाव, गोठलेला बर्फ.

त्या खटक्याजवळ ते थांबले. जुलै १९३२च्या सुरुवातीला फ्रेड ड्यूसेनबर्ग पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात एसजे चालवत होता. रस्ता ओला होता. अपघात झाला. आधी बरा होतोय असं वाटलं, मग न्यूमोनिया झाला, आणि २६ जुलैला तो गेला. वय ५५. ऑगीने त्यानंतर गाड्या सांभाळल्या. बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर १९३५ साली ॲब जेंकिन्सने ज्या ड्यूसेनबर्गमधून चोवीस तास ताशी १३५ मैलांची सरासरी राखली, ती ऑगीनेच तयार केलेली.

निघताना मी पिशवीतला टोमॅटो त्यांना दिला. देण्यासारखं दुसरं जवळ काही नव्हतं. त्यांनी फडक्याच्या स्वच्छ बाजूने तो पुसला आणि तिथेच खाल्ला.

मेळ्याला जाणाऱ्यांसाठी: घडीची खुर्ची आणि पाणी बरोबर ठेवा. गाडीला हात लावायचा नाही, पण मालकाला प्रश्न जरूर विचारा. बहुतेक जण त्यासाठीच बसलेले असतात, आणि मशीनबद्दल विचारलंत तर बॉनेट उघडतं. शिकागोहून येत असाल तर लक्षात ठेवा, ऑबर्नचं घड्याळ तासभर पुढे आहे.

चौथा दिवस: परत

सकाळी ऑबर्नला पुन्हा एक चक्कर मारली. चौक रिकामा झाला होता. जिथे हिरवी जे उभी होती तिथे डांबरावर तेलाचे तीन ठिपके होते, रुपयाएवढे. संग्रहालयाच्या मागे, जुन्या कारखान्याच्या इमारतींत, ट्रक आणि इतर गाड्यांचं एक वेगळं संग्रहालय आहे. तिथे तास काढला. वेळ असेल तर बघा, घाईत असाल तर राहू दे.

परतीच्या वाटेवर, फोर्ट वेन मागे पडल्यावर थोड्या वेळाने भाच्याच्या गाडीत पिवळा दिवा लागला. ऑईलचा. तो म्हणाला, "लागतो तो मधूनमधून, मावशी. घरी गेल्यावर बघू."

"पुढच्या एक्झिटला घे," मी म्हणाले.

पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी उभी केली, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबलो. बॉनेट कुठून उघडतं तेच त्याला आठवेना, मग दोघांनी मिळून खटका शोधला. दांडी ओढली. पुसायला फडकं नव्हतं, म्हणून पायबरोबर आलेला कागदी रुमाल घेतला. पुसून दांडी पुन्हा आत घातली, पुन्हा काढली. ऑईल खालच्या खुणेच्याही बोटभर खाली. मी त्याला दांडी आडवी धरायला शिकवलं. उभी धरली की ऑईल ओघळतं आणि खूण फसवी दिसते. आत जाऊन त्याने एक बाटली आणली आणि स्वतः ओतली. बोटांना लागलेलं ऑईल कुठे पुसावं म्हणून तो हात लांब धरून उभा होता, तेव्हा मी त्याला रुमालाची उरलेली अर्धी बाजू दिली.